धोंडू नटाचा चेहरा

धोंडू नटाला मी पाहिलेले नव्हते. रंगभूमीवर नाही, मूकपटात नाही, फोटोतही नाही. कारण त्याचा फोटोच नव्हता! पुरावा जितका कमी तितके किस्से जास्त, हे महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवताना मला कळले होते. पोलादपूरच्या डोंगरातल्या त्याच्या वाडीत त्याचा प्रत्यय आला.

तिथे मला नेले ते एसटी ड्रायव्हर सुरेशने, म्हणजे धोंडूच्या नातवाने. त्याची आई शेवंतीआत्या नव्वदीला टेकलेली. ती पाळण्यात असतानाच धोंडू वारला. "मॅडम, मरायच्या आधी तिला बापाचं तोंड बघायचंय," सुरेश म्हणाला. "तेवढं शोधा."

मी शोधू लागले आणि हाती लागले किस्से.

नाटक कंपनीत धोंडूला स्त्रीची भूमिका मिळाली, म्हणून त्याने मिशी काढली आणि तसाच वाडीवर आला. बाप गेल्याशिवाय मिशी कोण काढतो? बायकांनी रडणे सुरू केले, वरच्या आळीतली माणसे भेटायला आली. त्यांना ओटीवर पाणी दिले ते धोंडूच्या बापानेच!

"बसा," म्हातारा म्हणाला. "मी अजून हाय."

हा किस्सा तीन घरांत शब्दशः सारखाच ऐकला. म्हणून मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

मुंबईत मूकपटाच्या पहिल्याच दिवशी धोंडूने सगळे संवाद खड्या आवाजात म्हटले. डायरेक्टर वैतागला. "अहो, नुसते ओठ हलवा!"

"मग मागच्या रांगेला ऐकू कसं जायचं?"

"मागची रांग अजून घरी जेवतेय!"

"हे ऐकलं कुणी?" मी सुरेशला विचारले.

"सगळ्यांनी!"

"म्हणजे स्टुडिओत कोण होतं?"

"स्टुडिओत? स्टुडिओत कोनच नाय."

पुढे तो मूकपट महाडला तंबूत लागला. पडद्यावर धोंडू गाण्यासाठी तोंड उघडतो आणि आवाज नाही! नाटकाला सरावलेले लोक ओरडले, "वन्स मोअर!" प्रेक्षकांत बसलेल्या धोंडूला राहवेना. तो उभा राहून ते पद खरोखरच गाऊ लागला.

मागून आवाज आला, "ए, खाली बस रे! धोंडू दिसत नाय!"

बोलपट आले तसा तो गावी परतला आणि भातशेती करू लागला. सवय मात्र सुटली नाही. जेवायला बसला की भात, आमटी, मीठ, सगळे तो हातवाऱ्यांनी आणि डोळ्यांनीच मागायचा. मूकपटात मध्ये मध्ये मजकुराची पाटी येते, एवढे त्याच्या बायकोच्या कानावर आले होते. ती म्हणे, "आधी पाटी दाखवा, मग वाढते!"

अखेर एका संग्रहात अर्ध्या मिनिटाची फीत सापडली. नऊवारीतली एक स्त्री पाळणा हलवते, मान वर करते, कॅमेऱ्याकडे बघून हसते. संग्रहाच्या नोंदीत भूमिकेपुढे नाव धोंडूचे, गावासकट. मी निःशंक होते. ती फीत आणि तिच्यातून काढलेला एक फोटो घेऊन वाडीवर गेले.

शेवंतीआत्यासमोर लॅपटॉप ठेवला. फीत संपली.

"परत लाव गो."

तीनदा लावली. तिने पदराने स्क्रीन पुसली.

"ह्यो बा नाय," ती म्हणाली. "ही माजी आय हाय."

सुरेश हसला. "अगं आये, तो आजाच हाय! लुगडं नेसलाय. मॅडमनी नाव वाचलंय."

"गप रे. बाला मी बघितला नाय. आयला चाळीस वरसं बघितलीय. हसताना ती अशीच मान कलती करायची."

तिने फोटो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याला हार घातला.

मी संग्रहाची नोंद पुन्हा मागवून तपासली. नाव धोंडूचेच आहे. आणि त्याची बायको उभ्या जन्मात महाडच्या बाजारापलीकडे गेली नव्हती, याबद्दल वाडीत कुणाचेही दुमत नाही. म्हणजे ती कलती मान मुंबईला नेली ती धोंडूनेच.