मस्कतहून तीन तास

मस्कत ते मुंबई अंतर जेमतेम दीड हजार किलोमीटर. विमानाला तीन तासही पुरतात. नोकरीवर निघालो तेव्हा आई रडत होती, म्हणून तिला हेच सांगितलं. "पुण्यापरीस जवळ हाय, आई. पुण्याहून याले आख्खी रात्र जाते, तथून तीन तास." मुंबईहून पुढे घरी अकोल्याला जायचं मी त्यात धरलंच नव्हतं. तिनंही विचारलं नाही. पुढे ती आल्यागेल्याला सांगायची, "लहाना पोरगा तीन तासावर हाय माहा."

गेल्या मे महिन्यात सकाळी दादाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. हे सांगून तो म्हणाला, "तू कदी पोचतं?"

आमच्याकडे बापाला थोरला अग्नी देतो, आईला धाकटा. माती थांबवायची की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

मी मोबाइलवर तिकिटं बघत होतो. पहिली रिकामी जागा दुपारच्या विमानात होती. मस्कतचं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे मुंबईत उतरेपर्यंत तिकडे संध्याकाळ होणार. अकोल्याजवळ अमरावतीला आता मुंबईहून विमान येतं, पण ते रोज नसतं, आणि त्या दिवशी नव्हतंच. हे सगळं मला दिसत होतं. तरी म्हणालो, "निघालोच, दादा. तीन तासाचं तं विमान हाय." थांबू नका, हे शब्द तोंडातून निघेनात. मला तिचा चेहरा बघायचा होता.

"मंग थांबतो," तो म्हणाला. "दिवस बुडाच्या आत झालं म्हंजे झालं."

अमरावतीहून मामा आणि मावशी येऊन बसले. अकोल्याचा उन्हाळा, बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या वितळल्या, पुन्हा आणल्या. दादा फोन करत राहिला आणि मी विमानतळावरून "बसतोच आहे" म्हणत राहिलो. विमानात फोन बंद करावा लागला तेव्हा मला बरं वाटलं. हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मुंबईत उतरून फोन सुरू केला, तसा तो वाजला.

"अमरावतीले उतरला का?"

"मुंबईत आहे, दादा."

मागून मामांचा आवाज आला, "सकाळपासून तीनच तास चालू हायेत त्याचे! अजून किती ठेवता माह्या बहिणीले?"

"दिवस चालला," दादा म्हणाला. "देऊ का मी?"

दिवसभर आईजवळ बसलेला माझा मोठा भाऊ माझी परवानगी मागत होता.

"दे," एवढंच म्हणालो.

टॅक्सीनं दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. अंगणात बर्फाबरोबर आलेला लाकडाचा भुसा पडला होता. दादाचं डोकं भादरलेलं होतं. मामांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मग दादाच पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इमान लेट झालं त्याचं. तो काय करीन?"

तेरवीपर्यंत भेटायला येणारा जो तो पाठीवर हात ठेवायचा, "इमानानं घात केला गा तुया." मी मान हलवायचो. दादा तिथंच पाहुण्यांना पाणी देत असायचा.

विमान वेळेवर उतरलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला ते माहीत नसेल, असंही वाटत नाही.