बापाच्या सायकलीचं साल

भाट्याच्या रस्त्याला भागोजीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काय, कोणीही काढील. पण जुन्या सायकलीची कंपनी आणि साल ओळखावं ते भागोजीनंच. रंगाचे दहा हात चढलेले असोत, तो पायडलाजवळच्या चक्रावर बोट फिरवी आणि सांगे, "ही विलायती. लढाईच्या आधीची." माणूस तोंडाचा फटकळ, पण सायकलीच्या बाबतीत त्याच्या शब्दावर कोणी वाद घालत नसे.

एकच सायकल त्यानं कधी तपासली नव्हती. स्वतःची. तो वर्षाचा असताना, छत्तीस साली, बाप वारला. "ही तुझ्या बापाची," असं आई सांगायची, आणि बापाचं म्हणून त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. रोज तिच्यावरूनच तो दुकानात येई. दर दसऱ्याला बायको मालन तिच्यावरचा, कंपनीचं नाव कोरलेला पितळी बिल्ला आमसुलानं घासून लखलखीत करी.

थोरला भाऊ महिपत मुंबईला गिरणीत होता. आईच्या बाराव्याला तो सहज बोलून गेला, "ही सायकल मीच पाठवलेली, माझ्या पगारातून." भागोजीचं डोकं फिरलं. सगळ्या भावकीदेखत त्यानं थोरल्याला खोटारडा म्हटलं. महिपतनं पुन्हा गावात पाऊल टाकलं नाही.

पंच्याऐंशी साली महिपत गेला. महिन्याभरानं त्याची बायको हौसा दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, सायकल नको माला. तुमी साल बघा नि काय ता सांगा. माजा मानूस खोटा नव्हता, येवढाच चार मानसांत बोला. जाताना पन त्यांना तोच घोर व्हता."

शेजारचे दोघे-तिघे जमले. भागोजीनं सायकल उलटी केली. बिल्ल्यावर एक अक्षर उरलं नव्हतं. मालनच्या आमसुलानं पितळ गुळगुळीत झालं होतं. मग त्यानं मागच्या चाकाच्या मधल्या हबवरचं ग्रीस फडक्यानं पुसलं. खाली बनावटीच्या सालाचा बारीक आकडा होता. अडतीस. बाप जाऊन दोन वर्षं झाल्यावर बनलेली सायकल! आणि हब मूळचाच, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोललं की भाऊ खरा ठरत होता, आणि बापाचं म्हणून काहीच उरत नव्हतं.

त्यानं फडका हबवर तसाच दाबून धरला. "वयनी, बिल्ला पुसून गेलाय. दुसरा काय गावत नाय. पन घडण जुनी हाय, तीस सालाच्या आधीची."

हौसा हुज्जत घालील असं त्याला वाटलं. घातली असती तर बरं झालं असतं. ती मटकन पायरीवर बसली.

"तुमी म्हनता म्हंजे तसाच असंल. सायकलीत तुमी चुकायचे नाय," ती म्हणाली. "म्हंजे ते मरताना पन खोटाच बोलले."

पदरानं तोंड पुसून ती एस्टी स्टँडकडे चालू लागली. भागोजीनं तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी एक जुनी सायकल घेऊन आलं. भागोजीनं चक्रावर बोट फिरवलं आणि साल अगदी बरोबर सांगितलं.