काकूच्या हातात दिलेलं पत्रक

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. बाबा शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी कशाच्या ना कशाच्या विरोधात. छापखान्यातून गठ्ठा आला की मी आणि माझा चुलतभाऊ पडवीत घड्या घालायला बसायचो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शेजारच्याच घरातला. अंगणात सुपारी वाळत असायची, तिचा तुरट वास आणि शाईचा वास एक होऊन जायचा. दादाची घडी म्हणजे कोपऱ्याला कोपरा. माझी बघून तो म्हणायचा, "ही घडी आहे की भजी बांधलीस?" आणि उलगडून परत घालायचा. पोस्टरं चिकटवायला कणकेची खळ शिजायची. एकदा आम्ही त्यात साखर घालून ती खाल्लीसुद्धा.

वाटताना बाबांचा नियम एकच: एकही घर सोडायचं नाही, आपलंही नाही. शेवटची दोन पत्रकं माझ्या आईला आणि दादाच्या आईला, म्हणजे काकूला. दोघी पदराला हात पुसून ती खरंच वाचायच्या. तेव्हा वाटायचं, आपली सगळी भांडणं न्यायाची आहेत आणि आपणच जिंकणार.

पुढे दादा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून लागला. जागं राहायला गोळ्या, मग झोप यावी म्हणून दुसऱ्या. दोन वर्षांत गाल बसले, हात थरथरू लागले. गणपतीत त्याला आरतीचं ताम्हण धरवेना. काकू म्हणायची, "खात नाही पोटभर, दुसरं काय!" गेल्या वर्षी वाडीतल्या विहिरीवर त्यानं फक्त मला गोळ्यांचं खरं सांगितलं. येत्या सोमवारी माझ्याबरोबर माणगावला डॉक्टरकडे यायचं कबूलही केलं.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. गोळ्या विकणाऱ्यांना मी सोडलं नाही. नाव कुणाचंच नव्हतं, पण 'आरतीचं ताम्हण धरवत नाही असा आपल्यातलाच एक ट्रेलरचालक' असं वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं. गावभर वाटलं, आणि नियमाप्रमाणे एक काकूला, माझ्याच हातानं. तिनं ते दारात उभ्यानं वाचलं आणि परत घडी घालून आत गेली.

रविवारी दादा ड्युटीवर निघून गेला. फोन बंद.

सोमवारी मी एकटीच न्हावा शेव्याला गेले. बंदराबाहेर ट्रेलरची रांग उन्हात तापत होती. विचारत विचारत त्याची गाडी सापडली.

"या, पुढारीणबाई! आता हितं वाटणार काय?"

"चुकले, दादा."

"आईला मी सांगणार होतो गं. माझ्या तोंडानं. तेवढं तरी माझ्याकडे ठेवायचं होतंस."

मी केबिनमध्ये चढून त्याच्या शेजारी बसले.

तो बाहेर बघत म्हणाला, "आणि या रांगेचं काहीच लिहिलं नाहीस. डोळा लागला की मागची गाडी पुढे घुसते, म्हणून तर गोळी."

"तू सांग, मी लिहिते."

"लिहिणं राहू दे. आईला घेऊन येशील डॉक्टरकडे? बुधवारी सुट्टी टाकतो."

बुधवारी आम्ही तिघं एसटीनं माणगावला गेलो. वाटेत काकूनं त्याला केळं सोलून दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" मी तोंड उघडणार, तोच काकूनं माझं मनगट दाबलं. दादानं घसा खाकरला आणि तिच्याकडे बघून सांगायला सुरुवात केली.