धोंडीबाचं सहावं बोट

सेलूच्या जिनिंगसमोर माझं चहाचं हॉटेल. चहा गोड, पेढा त्याहून गोड आणि माझी, म्हणजे बन्सीधरची, जीभ दोन्हींपेक्षा गोड, असं लोक म्हणायचे. धंद्याला ते लागतंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण धोंडीबाच्या पायाचं जे झालं त्यात माझाही हात आहे आणि तो काही फार स्वच्छ नाही.

धोंडीबा जिनिंगमध्ये कापूस तुडवायचा. टांगलेल्या मोठाल्या बोऱ्यांत उतरायचं, पायानं कापूस दाबत राहायचं आणि बोरी दगडासारखी झाली की वर निघायचं. तीस वर्षं हेच. त्याच्या उजव्या पायाला सहा बोटं. दुसऱ्या गावात लोक हसले असते, आमच्या बाजारात मात्र त्या बोटाला मान होता. दसऱ्याला खरेदीचा मुहूर्त व्हायचा, तेव्हा पहिल्या गाडीतल्या कापसावर पहिला पाय धोंडीबाचा. अडत्ये व्यंकटराव स्वतः त्या पायावर पाणी घालायचे, कुंकू लावायचे. मग प्रत्येक गाडीवाला धोंडीबाच्या तोंडात एकेक पेढा भरवायचा. पेढे अर्थातच माझे. मुहूर्ताला तो तीस-चाळीस पेढे सहज रिचवायचा आणि वर माझ्याकडे येऊन दोन कप चहा मागायचा.

शिवाय अलीकडे चार-पाच वर्षांपासून त्या पायाला काटा टोचत नव्हता. पैज लावून बाभळीच्या काट्यांवरून चालून दाखवायचा. "लक्ष्मीवर पाय देतो ना मी, तिचीच किरपा हाय," असं म्हणायचा, आणि आम्ही शहाणे लोक माना डोलवायचो.

शहाऐंशी साली पोळा झाल्यावर परभणीहून एका सेवाभावी मंडळाची जीप आली. जिनिंगच्या भिंतीवर तेव्हा 'नामांतर झालेच पाहिजे' आणि 'होऊ देणार नाही' हे दोन्ही एकमेकांच्या अंगावर लिहिलेलं होतं. मंडळानं दोन्हींवर चुना फिरवला आणि आमच्या सूर्यभान पेंटरला सांगितलं, मधुमेहाची अशी जाहिरात काढ की बघणारा घाबरला पाहिजे.

सूर्यभानचा हात देवांच्या तसबिरींवर आणि निवडणुकीच्या चिन्हांवर बसलेला. देवाचा पाय त्याला डोळे मिटून यायचा, सडका पाय येत नव्हता. त्यानं धोंडीबाला माझ्या बाकावर बसवलं, एक चहा पाजला आणि त्याचा पाय बघून चित्र काढलं. माणूस प्रामाणिक, म्हणून सहाच्या सहा बोटं काढली. मग बोटांपासून वर काळा रंग चढवत नेला, घोट्यावर करवत ठेवली आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं: 'मधुमेह! आज साखर, उद्या पाय!'

लोक घाबरले, यात मंडळाला नाव ठेवायला जागा नाही. आठवडी बाजाराला येणाऱ्या बाया पोरांच्या डोळ्यांवर पदर धरून पुढे जायच्या. गरोदर सुनांना मागच्या गल्लीनं नेऊ लागले. माझ्या गिऱ्हाइकांनी बाकं उचलून भिंतीकडे पाठ केली. आठ दिवस बिनसाखरेचा चहा मागितला, नवव्या दिवशी कुणीतरी तोडगा काढला: भिंतीवर साखर लिहिलंय, गूळ लिहिलेला नाही. तेव्हापासून मी गुळाचा चहा दुप्पट गोड करून विकला. चित्राखाली दवाखान्याचा पत्ता होता. तो मात्र कुणी वाचला नाही.

मग एके दिवशी भुजंग नावाचा गाडीवान चहा पिता पिता वळला आणि बोटं मोजू लागला. सहा भरली. "आरं, ह्यो तर धोंडीबामामाचा पाय," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सेलूत एकच बातमी होती. धोंडीबाचा पाय सडलाय आणि आपण दरसाल तो लक्ष्मीवर ठेवतोय. व्यंकटरावांनी निरोप पाठवला की यंदा दुसऱ्या कुणाचा पाय बघतो, राग मानू नको. साखरेला घाबरायचं सोडून सगळा गाव धोंडीबाला घाबरू लागला.

धोंडीबा आधी सूर्यभानवर चालून गेला. "माझ्या घरात कडूबाई हाय, तिथं साखर कुठून यायची?" बायकोच्या नावावर तो एरवीही असा विनोद करायचा, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. सूर्यभाननं घाबरून शिडी लावली आणि सहाव्या बोटावर चुना मारला. पण लोकांनी मोजायचं होतं ते मोजून झालं होतं.

"मंग डाक्टरचाच कागद आणतो," धोंडीबा म्हणाला. "कागद बघून तरी व्यंकटरावाचं तोंड बंद हुईल." दसरा सहा दिवसांवर आला होता. साक्षीदार म्हणून आम्ही पाच-सहा जण त्याच्याबरोबर निघालो. एवढ्या मोठ्या जाहिरातीनंतर दवाखान्यात तपासायला गेलेला तो पहिला माणूस, आणि तोही जाहिरात खोटी पाडायला.

डॉक्टरांनी नळीत निळं औषध घेतलं, त्यात धोंडीबाच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि बघता बघता भाजलेल्या विटेच्या रंगावर गेलं. डॉक्टरांनी धोंडीबाला खाटेवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि सहाव्या बोटाला टाचणी टोचली. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याला.

"कळतंय का?" त्यांनी विचारलं.

"टोचा की मंग," धोंडीबा डोळे मिटूनच म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघेनासे झालो. मग डॉक्टरांनी पाय उलटा करून उजेडात धरला आणि सहाव्या बोटाच्या खालून चिमट्यानं बोटाच्या पेराएवढा खिळा ओढून काढला. त्या जागेला वास सुटला होता. किती दिवस तो खिळा घेऊन धोंडीबा कापूस तुडवत होता, देव जाणे. लक्ष्मीची कृपा म्हणून आम्ही वाहवा केली, तो आजार होता. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली.

परभणीला नेऊन त्याचं सहावं बोट काढलं. पाय वाचला. मुहूर्ताला भुजंगचा पाय घेतला, पेढे माझेच गेले.

आता तरी गाव दवाखान्यात जाईल, असं मला वाटलं होतं. गावानं वेगळाच निष्कर्ष काढला. सूर्यभाननं भिंतीवरचं बोट पुसलं आणि आठ दिवसांत धोंडीबाचं खरं बोट गेलं. म्हणजे दोष साखरेचा नाही, ब्रशचा. वर्षभर सूर्यभानकडून कुणी स्वतःचं चित्र काढून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी धोंडीबा सूर्यभानला घेऊन भिंतीशी आला. पायात डॉक्टरांनी दिलेले कापडी बूट. अनवाणी फिरायचं नाही अशी ताकीद होती, आणि बूट घालून कापसावर पाय देता येत नाही, म्हणजे जिनिंगचं काम सुटलंच होतं.

"ते बोट परत काढ," तो म्हणाला.

"कामून, मामा? लोकं पुन्ना वळखतील."

"वळखू दे. परक्याचा पाय बघून लोकं नुसती भेली. वळखीच्या माणसाचा बघून तरी तपासायला जातील."

सूर्यभाननं बोट काढलं. लोकांनी ओळखलंही. दसऱ्याच्या सकाळी पहिली गाडी भिंतीपुढे थांबली, गाडीवान उतरला, त्यानं चित्रातल्या सहा बोटांना कुंकू लावलं आणि 'आज साखर, उद्या पाय' या अक्षरांखाली पेढा ठेवला. त्याच्यामागे सगळ्या गाड्या थांबल्या. खरा पाय सहा बोटांचा राहिला नव्हता, भिंतीवरचा अजून होता. धोंडीबा बाजूला उभा राहून प्रत्येकाला, "बाबा, तपासून घ्या," असं सांगत होता. प्रत्येक जण "व्हय मामा" म्हणून नारळ फोडत होता. माझी परात दुपारीच रिकामी झाली.

दिवस कलल्यावर धोंडीबानं ते सगळे पेढे धोतराच्या सोग्यात गोळा केले आणि माझ्या हॉटेलात आणून ओतले. मला वाटलं, शिव्या देणार. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

"तुझ्याकडं टाचणी हाय का?" त्यानं विचारलं.

गल्ल्यातली टाचणी मी दिली.

"चप्पल काढ. पाय बाकावर ठेव. डोळे मीट."

त्याचं मन राखायला मी डोळे मिटले. हातात त्यातलाच एक पेढा होता, अर्धा खाल्लेला. जरा वेळ गेला.

"टोच की मग," मी म्हणालो.

मी डोळे उघडले, तर धोंडीबा टाचणी धोतराला पुसत होता.