चिंचेपाशी वाकलेली सडक

माझे अब्बा गवंडी होते. लातुरात आमच्या मोहल्ल्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे मिस्त्रीच म्हणायचे. भूकंपानंतर दोन-अडीच वर्षं ते निलंग्याच्या बाजूला एका गावाच्या पुनर्वसनाच्या कामावर होते. जुनं गाव पार बसलं होतं, म्हणून नवं गाव वर माळावर बांधलं. तिथली घरं वहीत आखल्यासारखी एका रांगेत आणि सडकाही सरळसोट. फक्त वेशीतून आत येणारी मोठी सडक मध्येच एका जुन्या चिंचेला वळसा घालायची आणि परत सरळ व्हायची.

"ती सडक म्या वाकवली," अब्बा म्हणायचे.

आम्ही भावंडं हसायचो. सडका इंजिनिअर आखतात, गवंड्याचं कोण ऐकतं? अम्मी तर म्हणायची, "घरातला नळ वाकडा बसवला तो आधी सरळ करा." अब्बा चिडत नसत. म्हणायचे, "कागदावर हाय. झाडवाल्या बाईंनी लिहून ठेवलंय."

झाडवाल्या बाई म्हणजे नव्या गावात कुठं कोणतं झाड लावायचं, पार कुठं, पाण्याची टाकी कुठं, हे ठरवायला आलेल्या एक वास्तुरचनाकार. जीपमधून यायच्या, डोक्याला पंचा गुंडाळून उन्हात फिरायच्या. बाकीचे साहेब नकाशा बघून गाव बघायचे. या बाई आधी गाव बघायच्या, असं अब्बा सांगत. काम संपलं, बाई गेल्या, आणि अब्बांच्या तोंडी फक्त गोष्ट राहिली.

पुढं लातूर बदललं. गल्लीगल्लीत क्लास निघाले. उमरी, शिरूर अनंतपाळ, कुठूनकुठून मुलं बॅगा घेऊन यायला लागली आणि प्रत्येक घरमालकाला वरचा मजला चढवायची घाई झाली. अब्बांना उसंत नव्हती. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एका क्लासात शिकवायला लागले. सकाळी मी मुलांना घर्षण शिकवायची आणि अब्बा त्याच मुलांच्या खोल्यांना गिलावा करायचे.

एका जूनमध्ये त्या गावातली एक मावशी तिच्या मुलीचं अकरावीचं बघायला आमच्याकडं आली. पुनर्वसनाच्या वेळी ती अब्बांच्या हाताखाली घमेली उचलायला होती. चहा घेता घेता म्हणाली, "मिस्त्री, सडक सरळ करायलेत. चिंच जानार."

कारण असं, की गावातल्या सात-आठ मुली आता लातूरला शिकायला यायच्या. त्यांना न्यायला बस यायची, पण ड्रायव्हर म्हणायचा की चिंचेच्या वळणावर गाडी वळत नाही. तो फाट्यावरच थांबायचा. मुलींना रोज दीड-दोन किलोमीटर चालत जावं लागे. म्हणून पंचायतीनं झाड काढून सडक सरळ करायचं ठरवलं होतं.

"तुला काय पाहिजे?" अब्बांनी विचारलं.

"मला बस बी पाहिजे अन् चिंच बी पाहिजे," मावशी म्हणाली.

अब्बा माझ्याकडं वळले. "बेटा, तो कागद काढ."

कागद कुठून काढणार? पण नशीब असं, की आमच्या क्लासातले इंग्रजीचे सर नांदेडला शिकलेले. त्यांनी सांगितलं की तिथल्या विद्यापीठात इमारतींचे, बागांचे, गावांच्या आखणीचे जुने नकाशे जपून ठेवणारा एक संग्रह आहे, आणि झाडवाल्या बाईंच्या घरच्यांनी त्यांचे सगळे कागद तिथंच दिलेत. मी दोन तास दुसऱ्याच्या गळ्यात घातले आणि सकाळच्या एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचले.

संग्रह म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांत जाजमाच्या गुंडाळ्या असाव्यात तशा नकाशांच्या गुंडाळ्या. सांभाळायला एक पन्नाशीच्या बाई होत्या. रोज उमरीहून रेल्वेनं यायच्या. त्यांनी मला आधी हात धुऊन कोरडे करून यायला लावलं. पेन बॅगेत, बॅग बाहेर. पेन्सिल त्यांची. ओढणी नकाशावर लोळते म्हणून ती मागं बांधायला लावली. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मुलांना परीक्षेला मीच बसवत होते!

मी गावाचं नाव सांगितलं. बाई हसल्या.

"नावानं नाही सापडायचं, मॅडम. या लोकांनी गावांना नंबर दिलेत. तुमच्या गावाचा नंबर काय?"

मला काय माहीत?

"मग खूण सांगा एखादी."

"सडकेवर चिंच आहे."

"चिंच कुठल्या गावात नाही?"

पण बाई मनानं उदार. गुंडाळीमागून गुंडाळी काढून देत राहिल्या. मी रेतीच्या छोट्या थैल्या कोपऱ्यांवर ठेवून एकेक नकाशा उलगडत होते. सगळी गावं सारखीच दिसायची. सरळ रेघा, चौकोनी घरं, आणि गोल गोल वर्तुळं. प्रत्येक वर्तुळ म्हणजे झाड, हे कळायलाच मला दुपार झाली. साडेचारला बाईंच्या गाडीची वेळ झाली. मला गाव सापडलं नव्हतं, पण सोडून द्यावंसंही वाटत नव्हतं.

"नकाशा वाचणारं कुणी माणूस आहे का तुमच्याकडं?" कुलूप लावता लावता त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहे. पण त्यांना इंग्रजी येत नाही."

"झाडांना कुठं इंग्रजी येतं?" बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात अब्बा आले. ईदेचा पांढरा सदरा, वर जाकीट, मिशा नीट कातरलेल्या. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी मोठा श्वास घेतला. "अमोनिया," ते खूश होऊन म्हणाले. निळ्या नकाशांचा तो वास त्यांना माझ्या जन्माआधीपासून ओळखीचा. हात धुवायला सांगितलं तेव्हा कोपरापर्यंत धुऊन आले. बाईंनी पहिली गुंडाळी उघडली, अब्बांनी नुसती मान हलवली. दुसरी, तिसरी. चौथ्या नकाशावर त्यांनी बोट धरलं, कागदापासून वीतभर वर, न टेकवता.

"हा नाला. ही टेकडी. अन् ह्यो बाण उत्तर दावतो, मंजे शीट उलटी धरलीया आपण."

मी शीट फिरवली. बाई खुर्चीतून उठून आल्या.

त्या गावाच्या दोन शीट होत्या. पहिलीत सडक बाणासारखी सरळ, आणि तिच्यावर आलेल्या एका वर्तुळात फुली. फुली म्हणजे झाड काढायचं. दुसऱ्या शीटवर तीच जागा, पण फुली ब्लेडनं खरवडून काढलेली. उजेडात धरलं की तिथला कागद पातळ दिसायचा. सडक तिथं वाकलेली. आणि बाजूला बारीक, उभट मराठी अक्षरांत लिहिलेलं, ते मी मोठ्यानं वाचलं: मिस्त्रींच्या माहितीप्रमाणे चिंचेखाली अखंड काळा खडक आहे. सडक पूर्वेस सरकवली. झाड राखावे.

"अब्बा!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही खरं सांगत होता!"

उमरीच्या बाईंनीही अब्बांना हात जोडले. म्हणाल्या, "या खोलीत कागद बघायला लई लोक येतात. कागदातला माणूस पहिल्यांदाच आला."

मी अर्ज भरून नकाशाची प्रत घेतली, तरी अब्बांचा चेहरा खुलेना. बाहेर कँटीनमध्ये चहा आला तेव्हा बशीत बघत म्हणाले, "बेटा, तिथं खडक न्हाई."

"म्हणजे?"

"मुरूम हाय. खालवर मुरूमच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मे महिना, माळावर दुसरं झाड नाही. कामावरची सगळी माणसं त्या एका चिंचेखाली जेवायची. घमेली उचलणाऱ्या बायांची लेकरं तिच्या फांदीला झोळीत झोपायची. अब्बांनी इंजिनिअरला विनवलं की हे झाड ठेवा. इंजिनिअर म्हणाला, नवी झाडं लावणारच आहोत, दहा वर्षांत सावलीच सावली होईल. अब्बा म्हणाले, दहा वर्षांत ही झोळीतली लेकरं शाळेत जातील साहेब, सावली आता पाहिजे. त्यानं ऐकलं नाही. सरकारी आखणी, ती अशी कशी बदलणार?

"झाडवाल्या बाई तिथंच उभ्या होत्या. माझ्याकडं बघितल्या अन् एकदम इचारलं, मिस्त्री, खाली खडक तर न्हाई ना? असेल तर खणता येनार न्हाई."

"मग?"

"मंग म्या म्हनलो, हाय की. लई मोठा हाय."

मला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. अब्बाही हसले, पण परत गंभीर झाले. मी म्हटलं, "काय बिघडलं? प्रत हातात आहे. पंचायतीला दाखवा. खडक म्हटल्यावर कुणी खणायला जाणार नाही."

"न्हाई," अब्बा म्हणाले. "तवा इंजिनेराला सांगितलं. गावाला कसं सांगू? त्या घरांच्या भिंती म्या बांधल्यात."

रविवारी आम्ही गावात गेलो. बैठक चिंचेखालीच होती. पंचायतीची माणसं खुर्च्यांवर, बाया पारावर. अब्बांनी नकाशाची प्रत सरपंचांच्या हातात दिली. ओळ वाचून सरपंच कपाळावर आठ्या घालून म्हणाले, "आयला, खडक असंल तर सुरुंग लावावे लागतील. लई खर्चाचं काम." माणसांची चुळबुळ सुरू झाली. माझ्या मनात आलं, झालं काम. आता अब्बांनी गप्प बसावं.

अब्बा उभे राहिले. "सरपंच, खडक न्हाई. म्या खोटं बोललो व्हतो. झाड वाचावं म्हनून. तुमचा फैसला तुम्ही करा, पर माझ्या खोट्यावर करू नका."

पारावरून मावशीच्या हसण्याचा आवाज आला. तिचं बघून बाकीच्या बायाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"ठावं हाय आमास्नी!" मावशी म्हणाली. "घरं मिळाली त्याच वर्षी हितं शोषखड्डा खणला आमी बायांनी. पुरुषभर. कुदळ लोण्यावानी गेली. एक धोंडा लागला न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?" सरपंचांनी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाई," मावशी म्हणाली. "अन् साहेबलोक खडक हाय म्हनून सोडत असतील झाड, तर आमाला का वाईट वाटावं?"

आता सरपंचही हसले. पण बसचा प्रश्न तसाच होता, आणि मुलींचे बाप तेवढ्यानं उठून जाणारे नव्हते. अब्बांनी खिशातून टेप काढला. तो त्यांच्या खिशात लग्नालाही असायचा. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. वळणाची रुंदी मोजली, बाहेरची कड मोजली, जमिनीवर काडीनं आकडे लिहिले. मग म्हणाले, "सडक पुरेशी हाय. ह्यो उकिरडा अन् ही दगडांची रास मधी आलीया. हे हालवा, बस फिरंल."

दगडांची रास जुन्या पडक्या घरांतून आणलेली होती. कधीतरी कामाला येईल म्हणून वर्षानुवर्षं पडून. उकिरडा सरपंचांच्या चुलतभावाचा निघाला, त्यामुळं त्यावर बराच वेळ गेला. पण तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून दोन्ही हलवलं. पुढच्या सोमवारी मावशीचा फोन आला. ड्रायव्हरनं एकदा मागं घेतली, एकदा पुढं, आणि बस वळून चिंचेखाली उभी राहिली. मुली टाळ्या वाजवून आत चढल्या. मावशीची मुलगी माझ्या तासाला अर्धा तास आधी येऊन पहिल्या बाकावर बसली होती, ते मी स्वतः पाहिलं.

मी उमरीच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या, आणि मग एकदम कामाचं बोलल्या.

"म्हणजे आमच्या नकाशावरची नोंद चुकीची आहे."

"हो, पण आता..."

"ती खोडता येत नाही. पण शेजारी खरी ठेवावी लागंल. मिस्त्रींना पाठवून द्या."

अब्बा गेले. बाईंनी विचारलं, त्यांनी सांगितलं, एका विद्यार्थिनीनं लिहून घेतलं. वाचून दाखवल्यावर अब्बांनी एकच दुरुस्ती केली. तिनं "मिस्त्री खोटे बोलले" असं लिहिलं होतं. अब्बा म्हणाले, "आम्ही दोघं खोटं बोललो, असं लिवा. झाडवाल्या बाईंनी इचारलं नसतं तर मला सुचलं नसतं." तो कागद आता त्या शीटबरोबर एकाच गुंडाळीत आहे.

पुढच्या महिन्यात बाईंचाच फोन आला. कुणालाही ओळखता न आलेल्या अजून कितीतरी गुंडाळ्या कपाटात होत्या. मिस्त्री येतील का? तोवर अब्बांचे गुडघे बोलायला लागले होते आणि अम्मीनं त्यांना बांबूच्या परांचीवर चढायला बंदी केली होती. ते गुरुवारचे जायला लागले. जाताना डबा, येताना गोष्टी. एका गुंडाळीत गोदावरीच्या काठच्या एका बागेचा आराखडा निघाला. कपाटात तिच्यावर "न झालेले काम" अशी चिठ्ठी होती. अब्बा म्हणाले, न झालेलं कसं, तिथल्या पायऱ्यांवर तर मी चुना लावलाय. बाईंना पटेना. मग अब्बांनी बाईंना आणि दोन विद्यार्थिनींना ऑटोत बसवलं आणि नेऊन दाखवलं. बाग निम्मीच झाली होती, पण पायऱ्या होत्या, बकुळीची रांग होती, आणि नकाशात वर्तुळ होतं अगदी तिथं एक भेळवाला उभा होता. चौघांनी पायऱ्यांवर बसून भेळ खाल्ली. उमरीची गाडी त्या दिवशी चुकली, आणि बाई पुढच्या गाडीनं गेल्या.