मालनबाईंचा हात किती वेळा थांबला

वालूरच्या वाचनालयात मी बावीस वर्षं बसतो आहे. खरं सांगतो, मला त्या अद्भुत कादंबऱ्यांचा मनस्वी कंटाळा आहे. उडणारे घोडे, बोलणारी झाडं, सातशे पानं, आणि तरी गोष्ट पुढच्या भागात उरलेलीच. पण गावातली पोरं नेमक्या याच पुस्तकांसाठी माझं डोकं खातात. त्याला जबाबदार एकच माणूस आहे, सिद्धोधन.

सिद्धोधन देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. वय पन्नाशीचं, लग्न केलं नाही, घरात तो आणि त्याची आई मालनबाई. बाजाराच्या दिवशी तो वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने एक परीक्षण लिहितो. कधी अद्भुत कादंबरीचं, कधी मोबाईलवर पाहिलेल्या तसल्याच कार्टून सिनेमाचं. खाली ठळक ओळ असते : 'हात थांबला : तीन वेळा.' परगावचा माणूस ती वाचून बुचकळ्यात पडतो.

त्याचं असं आहे. मालनबाईंना वाचता येत नाही. सिद्धोधन जे काही वाचतो, पाहतो, ते आधी त्यांना सांगतो आणि त्या सुपात तुरीची डाळ घेऊन निवडत ऐकतात. सांगताना किल्ल्याची गढी होते, ड्रॅगनची पंखाची घोरपड होते. गोष्टीने पकड घेतली की मालनबाईंचा डाळीवरचा हात थांबतो. सिद्धोधन ते मोजतो, आणि तोच त्याचा निकाल. 'राजकन्या सात डोंगर ओलांडते, पण चारशे पानांत एकदाही जेवत नाही' हा गाजलेला शेराही मालनबाईंचाच.

गावच्या शाळेतल्या दत्तराव गुरुजींनी एकदा वाचनालयाला मोठ्या कौतुकाने चार खंडांची कादंबरी भेट दिली. सिद्धोधनने फळ्यावर लिहिलं, 'हात एकदाही थांबला नाही.' गुरुजी महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मी म्हणालो, एक वेळ तरी लिही. तो म्हणाला, "महारुद्र, थांबलाच न्हाई तर मी काय करू?" मला त्याचा हा हट्ट फार आवडतो. त्याला तसं कधी सांगितलं नाही, उगाच चढून बसेल.

गेल्या हिवाळ्यात मालनबाईंच्या छातीत दुखलं. आठ दिवस त्या परभणीच्या दवाखान्यात होत्या. घरी आल्यावर सिद्धोधनने त्यांना पहिला सिनेमा सांगितला तो पंखाच्या घोरपडीचा आणि तिच्या पिल्लाचा. पुढच्या बाजाराला फळ्यावर आलं : 'आई आणि पिल्लू सुखरूप घरी पोचतात. शेवटाला हात थांबला तो किती तरी वेळ हललाच नाही.' फळ्याच्या भरवशावर दत्तराव गुरुजींनी शनिवारी शाळेत पडदा लावून तो सिनेमा दाखवला. अख्खी सहावी रडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालनबाईंची तब्येत विचारायला गेलो होतो. त्या सूप घेऊन बसल्या होत्या, सिद्धोधन चहा गाळत होता. तेवढ्यात दारात सृष्टी येऊन उभी राहिली. सहावीतली पोरगी, पण माझ्या वाचकांत सगळ्यात खवट.

"काका, तुमी फळ्यावर खोटं लिव्हलं," ती म्हणाली. "ती माय मरती की! पिल्लाला उडायला शिकवून मरती."

सिद्धोधनचा चेहरा पार उतरला. दहा वर्षांत त्याने एकही शेवट बदलला नव्हता. आता गाव विचारणार, आधीचे हातही असेच का? पण त्या क्षणी त्याला गावाची पर्वा नव्हती. तो आईकडे बघत होता. जे तिच्यापासून लपवलं ते पोरीने तिच्यासमोरच ओतलं होतं.

"माय, मी..."

"मला म्हाईत हाय," मालनबाई म्हणाल्या. "एरवी तू खाली बगून सांगतूस. त्या दिशी माज्या तोंडाकडं बगून सांगत व्हतास. म्हनलं, ह्यो कव्हापासून थापा मारायला लागला? म्हनून तर हात थांबला माजा."

"तू नुकतीच दवाखान्यातून आली व्हतीस. मला सांगवंना."

"मंग आता सांग. खरं सांग."

सिद्धोधन सुपाशेजारी बसला आणि खाली बघून, डाळ निवडत सांगू लागला. घोरपडीचा पंख मोडतो. तशातही ती पिल्लाला कड्यावरून ढकलते आणि स्वतः खडकावर पडून राहते. सृष्टीने त्याला मध्ये दोनदा दुरुस्त केलं. शेवटाला त्याचा हात डाळीवरच थांबला. मालनबाईंचा हात मात्र डाळीवरून फिरतच होता.

"पिल्लू उडलं का?" त्यांनी विचारलं.

"उडलं."

"लांब गेलं?"

"लय लांब."

"मंग झालं की," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला च्या दे."

सिद्धोधनने बाहीने डोळे पुसले. मीही काही फार शहाणा नव्हतो, माझेही भरून आले होते.

बाजाराला अजून तीन दिवस होते. तो थांबला नाही. त्याच दुपारी येऊन त्याने फळ्यावर लिहिलं : 'मागच्या परीक्षणात शेवट मी बदलला होता, माफी असावी. आई मरते. पिल्लू उडतं. माझ्या आईचा हात एकदाही थांबला नाही. माझा थांबला.'

पुढचे दोन बाजार मी तो फळा कुणाला पुसू दिला नाही.