काठी की झगा

अकरा महिने झाले, माझी धाकटी रडलेली नाही.

यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही, तिची लाडकी मावशी गेली तेव्हाही नाही. लोक म्हणतात, किती खंबीर आहे हो तुमची मुलगी. मी नुसती मान डोलावते. ती खंबीर वगैरे काही नाही. एका माणसाला धूळ चारल्याशिवाय रडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलंय, आणि हे जन्मभर असंच राहिलं तर काय, या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

धाकटी सत्तावीस वर्षांची आहे. दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून ती आधी मेणाचा दात कोरते आणि मग कायमचा बनवते. पिवळट पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा तिला नुसत्या नजरेनं ओळखता येतात. दिवसभर छोट्या दिव्याखाली मान खाली घालून बसते. संध्याकाळी घरी आली की कानांवर हेडफोन चढवते आणि जादूगारीण होते.

तो खेळ आता मलाही कळतो. पाच जणांविरुद्ध पाच जण, ज्यांचा बुरूज आधी पडेल ते हरले. धाकटी मागे उभी राहून मंत्र फेकते. अंगानं कागदासारखी. कुणी जवळ पोचलं की संपली.

तिची पहिली टीम ज्यानं जमवली तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. सगळे त्याला कप्तान म्हणायचे, म्हणून आम्हीही. तीन वर्षं आमच्याकडे त्याचं येणंजाणं होतं. "काकू, चहा!" करत थेट स्वयंपाकघरात शिरायचा. माझा चष्माही त्यानंच बसवून दिलाय.

मग एका मोठ्या सामन्यात टीम हरली. चूक कुणाची होती यावर अजून वाद आहे. धाकटी माईक बंद करायला विसरली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. कप्तानानं ते रेकॉर्ड केलं, मागे विनोदी संगीत लावलं आणि खेळाच्या ग्रुपवर टाकलं. चौदा हजार लोकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिला टीममधून काढलं. लॅबमध्ये साचे पोचवणारा माणूससुद्धा दारातून ओरडला, "काय रडूबाई, दात तयार का?"

तशी ती लहानपणापासून डूख धरणारी. नऊ वर्षांची असताना आतेभावानं तिच्या बाहुलीचे केस कापले. ही अवाक्षर बोलली नाही. चार महिन्यांनी तो शाळेच्या शर्यतीत पळायला उभा राहिला आणि दहा पावलांत दोन्ही बुटांच्या नाड्या तुटल्या. कुणीतरी आतल्या बाजूनं अर्ध्या कापून ठेवल्या होत्या. हे अजून ते आठवून हसतात. "दात बनवणारीनं दात धरलाय, कप्तानाची खैर नाही," असंही म्हणतात. मला काही हसू येत नाही.

तिनं नवी टीम शोधली. बस चालवणारे एक काका, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आणि गणिताचे निवृत्त मास्तर. खालून पहिला नंबर यांचा. अकरा महिने धाकटीनं त्यांना घासून घासून वर आणलं. उद्या सकाळी अकरा वाजता दुसऱ्या शहरात, भरलेल्या हॉलमध्ये त्यांचा उपांत्य सामना आहे. समोर कप्तानाची टीम.

परवा जेवताना तिनं मला सगळा डाव समजावला. मिठाची बाटली म्हणजे ती, सुरी म्हणजे कप्तान, कारण खेळात तो सुरा घेऊन अंगावर धावून येतो.

"मॅचच्या मध्यावर माझ्याजवळ एकाच मोठ्या वस्तूपुरतं सोनं जमतं, आई. एक तर जादूची काठी घ्यायची. मग माझा एक मंत्र आणि तो जागच्या जागी राख. नाहीतर जादूचा झगा घ्यायचा. तो अंगावर आला की मी तीन सेकंद दगड होते. त्याचा वार फुकट जातो आणि तो सापडतो आमच्या चौघांच्या मधोमध."

"मग झगाच की!"

"तू अगदी मास्तरांसारखं बोलतेस. झगा घेतला तर त्याला मास्तर मारणार, नाहीतर बसकाका. स्क्रीनवर त्यांचं नाव येणार."

"येईना का! मेल्याशी मतलब."

"माझं यायला हवं. सगळ्या हॉलसमोर, हे एवढ्या अक्षरांत. रडूबाईनं कप्तानाला मारलं. खेळात मी तेच नाव घेतलंय, माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. "सोड ना गं आता," मी म्हटलं.

"आई, तू मीठ दे इकडे."

आज दुपारी ती गेली. संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तर फोन.

"काकू, ओळखलंत का?"

"आवाज विसरायला मी काही म्हातारी नाही झाले."

"चष्मा बरा आहे ना? नंबर वाढला असेल तर या दुकानात, मी आहे." मग म्हणाला, "ती अजून रागावलीय का हो? शेवटी खेळच आहे. मी तर विसरलोसुद्धा."

विसरलोसुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विसरलास? उद्या आठवेल. काठी घेऊन येतेय ती. एका मंत्रात राख करणार आहे तुझी!"

तो हसला. "काठी का? बरं, बरं. काळजी घ्या हं काकू."

फोन बंद झाला आणि माझा विळीवरचा हात थांबला. माझी विचारपूस करायला त्यानं फोन केलाच नव्हता.

काठीवर उतारा आहे. धाकटीनंच सांगितला होता. एक ढाल मिळते, ती पहिला मंत्र गिळते. पण ढाल घेतली की सुरा पाजळायला सोनं उरत नाही, म्हणून सहसा कुणी घेत नाही. आता तो घेणार. हिचा मंत्र ढालीत जिरेल, दुसरा तयार होईपर्यंत तो हिच्यापाशी पोचेल आणि हॉल पुन्हा हसेल. माझ्या तोंडामुळे.

यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" आणि कूस बदलून झोपले.

मग मी मिठाची बाटली आणि सुरी काढली. मघापासून टेबलावर तीच सरकवत बसलेय. धाकटीनं काठी घेतलीच नाही तर? कुणी काय घेतलं हे समोरासमोर आल्याशिवाय कळत नाही. ती झग्यात, त्याच्या हाती ढाल. ढालीला गिळायला मंत्रच नाही आणि सुरा बोथट. आपण सगळं ओळखून आहोत अशा तोऱ्यात तो उडी मारणार, ही दगड होणार, आणि चौघं त्याला घेरणार.

अकरा महिने मी पोरीला सोडून दे, सोडून दे म्हणत आलेय. आणि आता खोटं कशाला बोलू, मला आनंद झालाय. आईच्या वयाच्या बाईला गोड बोलून फसवतो! त्या क्षणी त्याचं तोंड मला बघायचंय.

पण धाकटीला हे सांगायचं तर आधी माझं तोंड सुटलं ते सांगायला हवं. शिवाय ज्या नावासाठी ती वर्षभर राबली, ते नाव स्क्रीनवर येणार नाही. ती चिडून मुद्दाम काठीच घेईल, अशीही भीती आहे. सकाळपर्यंत थांबता येत नाही. नऊ वाजता हॉलच्या दारात सगळ्यांचे फोन काढून घेतात आणि त्याआधी नवा डाव बाकी चौघांच्या गळी उतरवायला तिला वेळ हवा.

ती उशाशी फोन ठेवून झोपते. वाजला तर उचलेल, आधी घाबरेल, मग ओरडेल. ओरडू दे. पहिल्यांदा चूक कबूल करायची, झग्याचं नंतर सांगायचं. उलट केलं तर माझी चूक ऐकायला ती थांबणारच नाही, धावेल मास्तरांना उठवायला. लावतेच फोन.